एक बोल्ट जास्त

हौसराव आबांनी नबीलाल आत्तारला माफ केलं तेव्हा नबीलाल गाडीखाली आडवा होता आणि त्याच्या दातांत टॉर्च होती. त्यामुळं त्याला लगेच काही बोलता आलं नाही.

"मागचं म्या काय मनात धरलेलं न्हाई बरं का," आबा वरून म्हणाले. "झालं ते झालं. तू बी इसरून जा."

नबीलालला आबांचे फक्त बूट दिसत होते. पांढरे, जाड तळव्याचे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यावर घेतलेले आणि चालण्यासाठी कधीच न वापरलेले. त्यानं टॉर्च काढली, "व्हय आबा" म्हणाला आणि टॉर्च पुन्हा दातांत धरली. या वेळी ती इतकी घट्ट धरली गेली की प्लॅस्टिकवर दातांचे वळ उठले.

गाडी आबांची होती. पांढरी, सात शिटांची, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'चेअरमन' लिहिलेली. कुरकुंभ सोडल्यावर तिच्या डॅशबोर्डवरचा तेलाचा तांबडा दिवा लागला होता. आबांनी दिव्याकडं पाहिलं, दिवा बिघडलाय असं ठरवलं आणि गाडी तशीच मारली. आबा माणसांवर विश्वास ठेवत नसत, तर दिव्यावर कुठून ठेवणार? दौंडच्या अलीकडं इंजिननं एकदा मोठ्यानं कण्हून प्राण सोडला. पुण्याच्या शोरूमनं पाच आठवडे लागतील म्हणून सांगितलं. दौंडातल्या चार जणांना विचारलं, तर चौघांनीही एकच नाव घेतलं. मग एका उसाच्या ट्रॅक्टरनं ओढत गाडी नबीलालच्या दारात आणून सोडली.

नबीलालचं गॅरेज आधी दौंडला नव्हतं, शिरूरला होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यानं आबांच्या तेव्हाच्या जीपचं इंजिन बांधून दिलं होतं. जीप धूर टाकते म्हणून आबा बाजाराच्या दिवशी चार माणसं घेऊन परत आले आणि नबीलालनं नवा पंप काढून जुना बसवला, असं त्यांनी भर रस्त्यात जाहीर केलं. नबीलालच्या पेट्या, डबे, ट्रे, सगळं रस्त्यावर उपडं करायला लावलं. मग एकेक वस्तू मोठ्यानं मोजायला लावली. नबीलालचे वडील नूरमहंमद दुपारचा डबा घेऊन आले होते. त्यांनी डबा बाजूला ठेवला, पोराशेजारी उकिडवे बसले आणि वायसर मोजायला लागले. त्यांना नीट दिसत नव्हतं. ते दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा गर्दी हसली. तीन वाजेपर्यंत मोजणी चालली. एक हजार एकशे सेहेचाळीस वस्तू निघाल्या, पंप निघाला नाही. तो निघणारही नव्हता, कारण तो जीपमध्येच होता. चार दिवसांनी पुण्याच्या पंपवाल्यानं नंबर जुळवून तसं सांगितलं.

हे आबांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विषय काढलाच तर ते म्हणायचे, "जाऊ द्या, गरीब माणूस हाय." यानं चोरीही पक्की व्हायची आणि आबांचं मनही मोठं ठरायचं.

सहा महिन्यांत नबीलालनं शिरूर सोडलं. पुढच्या वर्षी वडील गेले. त्यांना दमा होता, डॉक्टरांनीही दमाच लिहिला. नबीलालनं मात्र तो मृत्यू आबांच्या अंगावर घातला आणि तिथून हलवला नाही.

आता आबा म्हणत होते, तू बी इसर.

इंजिन खोलायच्या दिवशी आबा नातीची दुरेघी वही घेऊन आले. येताना प्लॅस्टिकची खुर्चीही आणली होती.

"आबा, तुम्ही कशाला तरास घेता? घरी जावा. मी फोन करतो."

"बसतो की. मला काय काम हाय?" आबा म्हणाले. "आन् हे बघ, राग मानायचा न्हाई. मी मोजून देणार आन् मोजून घेणार. तुझ्याबी जिवाला घोर नको."

नबीलालनं राग मानला नाही. त्यानं प्रत्येक मापाच्या बोल्टसाठी वेगळा ट्रे ठेवला. आबा मोजायचे, वहीत लिहायचे आणि ट्रेवर चिठ्ठी चिकटवायचे. बाराच्या पान्याचे बोल्ट चौतीस भरले. या एकाच मापाचे बोल्ट इंजिनात जागोजागी होते, काही तेलाच्या पंपाला, काही साखळीच्या पट्टीला, काही पार आत. आबांनी चौतीस दोनदा मोजले आणि वहीत आकड्याखाली रेघ मारली.

इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँक पुण्याला जाऊन, बोअरिंग आणि ग्राइंडिंग होऊन बुधवारी परत आले. बांधायला गुरुवार, शुक्रवार, शनिवार लागणार होते. तिन्ही दिवस आबा सकाळी नऊला खुर्चीत हजर.

खरं तर आबांना काम होतं आणि ते काम पुढच्या बुधवारी अकरा वाजता होतं. भीमेकाठच्या रांजणवाडीच्या सोसायटीच्या चेअरमनची निवड होती. आबा दहा वर्षं चेअरमन होते. तेरा संचालक, त्यातले आबा धरून सात आबांकडचे आणि सहा पुतण्याकडचे. पुतण्याचं नाव विक्रम. तो आबांना वाकून नमस्कार करायचा आणि वाकलेला असतानाच फोनवर बोलायचा. निवडीआधी आपले संचालक गाडीत घालून लांब न्यायचे, त्यांचे फोन काढून घ्यायचे आणि मतदानाच्या दिवशी थेट सोसायटीच्या दारात उतरवायचे, ही तिथली रीत. तिला सहल म्हणतात. आबांची सहल रविवारी दुपारी हरिहरेश्वरला निघणार होती.

"भाड्यानं गाडी करा की," नबीलाल एकदा म्हणाला.

आबा हसले. "गेल्या खेपंला केली हुती. डायवरनं हाटेलाचं नाव त्याच्या मेव्हण्याला सांगितलं. पाटं पाचला विक्रमची माणसं दारात. न्हाई बाबा. गाडी माझी, ष्टेरिंगवर मी. सात जणं, सात शिटं."

आबा हे सगळं फोनवर बोलायचे आणि फोन स्पीकरवर असायचा, कारण कानाला लावला की त्यांना कमी ऐकू यायचं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नबीलालला सातही संचालकांची नावं, आजार आणि आवडती शिटं पाठ झाली होती.

दुपारी बायको लालबी डबा घेऊन आली. तिनं खुर्चीतल्या माणसाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"ह्योच का?"

"व्हय."

"आन् तुम्ही त्याचं मशीन डिझेलनं धुताय? दोनदा?"

"दोनदाच धुवायचं असतं. कचरा राहतो."

"राहू द्या की," लालबी म्हणाली. "तुमच्या बापाला हसवलं त्यानं सगळ्या बाजारासमोर. आन् तुम्ही कचरा शोधताय."

नबीलालनं ब्रश पुन्हा डिझेलमध्ये बुडवला. पण इंजिन ज्या क्षणी दारात आलं त्या क्षणापासून तो हाच विचार करत होता. फार काही करायला लागणार नव्हतं. पिस्टनच्या रिंगांची तोंडं एकमेकांपासून फिरवून ठेवायची असतात. ती एका रेघेत आणली की महिन्यात इंजिन तेल प्यायला लागतं. त्याहून सोपं म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा एक बोल्ट. आठातला एक, नुसता हातानं फिरवून सोडायचा. इंजिन सुरू होईल, गाडी धावेल, आबा सहलीला निघतील. मग ताम्हिणीच्या उतरणीला कुठं तरी रॉड सुटेल आणि ब्लॉक फोडून बाहेर येईल. वहीत मात्र आकडा बरोबर असेल.

शुक्रवारी त्यानं ते केलं. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडला दोन बोल्ट लावले. एक टॉर्क पान्यानं आवळला. ठरलेल्या जोराला आला की हा पाना टक् करतो. त्यानं टक् केलं. दुसरा बोल्ट त्यानं बोटांनी फिरवला, टेकला की सोडला आणि हात पुसून चहाला गेला.

चहा त्यानं उभ्यानं प्याला. गाडीत सात माणसं असतील, हे त्यानं मनाला सांगून पाहिलं. मन म्हणालं, असू देत, सगळे संचालकच आहेत. एकूण मनाची तयारी पक्की होती. तो परत आला, चौथ्या रॉडकडं वळला आणि त्याच्या हातानं, त्याला न विचारता, टॉर्क पाना तिसऱ्या रॉडच्या दुसऱ्या बोल्टला लावला. टक्.

नबीलाल हाताकडं बघत राहिला. तीस वर्षं ज्या हाताला शिकवलं, तो हात आता मालकाचं ऐकत नव्हता. त्यानं बोल्ट पुन्हा ढिला केला. रिंग पाना खाली ठेवला, सिगारेट पेटवली, दोन झुरके मारले आणि सिगारेट विझवून टॉर्क पाना उचलला. टक्.

"सारखं खोल-बांध काय चाललंय?" खुर्चीतून आबा म्हणाले.

"खात्री करतोय आबा."

"कर, कर. तुझं काम पैल्यापास्नं चांगलं हाय. फकस्त..." आबांनी वाक्य सोडून दिलं आणि मोठ्या मनानं छताकडं पाहिलं.

त्या 'फकस्त'नं सगळं सोपं केलं. नबीलालच्या लक्षात आलं की आपण उगीच इंजिनात काही तरी कमी करायला बघतोय. या माणसाच्या इंजिनात काही बिघडवायची गरजच नव्हती. जे बिघडलेलं होतं ते खुर्चीत बसलं होतं.

शनिवारी दुपारी आबांचा फोन वाजला. भिमाजी आप्पा. हे सात संचालकांतले सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत हलके. वारा येईल तिकडं वळणारे.

"आबा, मी पुढं बसनार हाय बरं का."

"आप्पा, पुढं पार्वतीबाई. त्यास्नी गाडी लागती. मागं बसल्या तर सगळ्यांच्या अंगावर—"

"मंग मी मागच्या शिटावर व्हय? त्या बारक्या? माझं गुडघं कुठं ठिऊ? डोक्यावर?"

"मधल्या शिटावर बसा की!"

"मधी तिघांत मला नगं. विक्रम म्हनला, आप्पा, माझ्या गाडीत पुढचं शीट तुमच्या नावाचं."

आबा उठले. त्यांनी खुर्ची मागं ढकलली, गॅरेजच्या दाराशी गेले आणि रस्त्याकडं तोंड करून गुडघे, निष्ठा आणि सोसायटीनं आप्पांच्या पोराला दिलेली नोकरी, या तिन्हींवर बोलायला लागले. पाठ इकडं होती. नबीलालनं सदऱ्याच्या खिशात हात घातला. गेल्या महिन्यात अशाच एका इंजिनातून बदललेला बारा पान्याचा बोल्ट त्यानं कालच पुसून खिशात ठेवला होता. तो त्यानं ट्रेमध्ये टाकला. या वेळी हातानं अजिबात कुरकुर केली नाही.

संध्याकाळी पाचला इंजिन पूर्ण झालं. साखळीला टांगलेलं, स्वच्छ, काळंभोर, फक्त गाडीत उतरवायचं बाकी. आबा वही घेऊन एकेक ट्रे बघत निघाले. रिकामा, रिकामा, रिकामा. बाराच्या ट्रेपाशी ते थांबले.

"ह्यो कुठला?"

नबीलालनं येऊन पाहिलं. "बाराचा बोल्ट हाय."

"ते मला दिसतंय! ऱ्हायला कसा? चौतीस हुते. म्हंजी आत तेहतीसच लागले."

"आत काय कमी न्हाई आबा," नबीलाल म्हणाला. त्यानं हातातला कपडा खाली ठेवला आणि आबांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. "सगळे बोल्ट जागच्या जागी हायत. मी लावलेत, मी आवळलेत. माझ्या शब्दावर गाडी न्या. उद्या दुपारी निघा. काय झालं तर मी हाय."

हे त्यानं मनापासून सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. आबांसमोर दार सताड उघडं होतं. या माणसाच्या शब्दावर एकदा, फक्त एकदा, विश्वास ठेवायचा, आणि चेअरमनची खुर्ची त्यांचीच होती. नबीलालनं ठरवलं होतं की आबा 'बरं' म्हणाले तर आपण मुकाट्यानं इंजिन उतरवायचं आणि अकरा वर्षांचं सगळं भीमेत सोडून द्यायचं. 'बरं' हा शब्द काही फार अवघड नाही.

आबांनी बोल्ट उजेडाला धरून पाहिला. नबीलालकडं पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं, समजूतदार हसू आलं.

"तुझा शबूद?" आबा म्हणाले. "खोल."

"सगळं?"

"सगळं."

"आबा, हेड खोललं तर ग्यासकेट वाया जातं. ते एकदाच बसतं. उद्या रविवार, पुण्याचं दुकान बंद. सोमवारी येईल. गाडी मंगळवारच्या आत न्हाई."

"होऊ दे मंगळवारी. सात जणांचा जीव हाय." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते म्हणाले, "आन् ह्या बारीला मी सवता मोजनार. एकेक बोल्ट माझ्या हातात द्यायचा."

नबीलाल 'व्हय आबा' म्हणाला.

रविवारी सकाळी रस्त्यापलीकडचा टायरवाला आणि त्याचं गिऱ्हाईक बघायला आलं. मग चहावाला आला. चहावाला आला म्हटल्यावर चहा पिणारेही आले. बोल्ट खालून निघत होते, त्यामुळं खुर्चीवर बसून ते घेता येईनात. आबांनी पोतं अंथरलं आणि त्यावर उकिडवे बसले. चाळिशी नाकावर घसरलेली, धोतराचा सोगा तेलात.

"मोठ्यानं मोजा आबा," नबीलाल टांगलेल्या इंजिनाखालून म्हणाला. "म्हंजी माझंबी लक्ष ऱ्हातं."

"एक," आबा म्हणाले. "दोन. तीन."

सोळाला फोन वाजला. पार्वतीबाई. निघायचं किती वाजता? मंगळवारी, आबांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना सोळा की सतरा ते आठवेना. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. कुणीतरी खुदकन हसलं. बाविसाव्याला पुन्हा फोन, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी टायरवाला उघड हसला आणि म्हणाला, "चेअरमन, बोटं कमी पडली तर आमची घ्या."

नबीलाल हसला नाही. त्यानं पुढचा बोल्ट तेवढ्याच आदबीनं आबांच्या तळहातावर ठेवला. त्याला वाटलं होतं की हे बघताना आपल्या छातीत काही तरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. उलट अजून पाहिजे असं वाटायला लागलं.

दुपारी एक वाजता चौतिसावा बोल्ट निघाला. सगळे होते. प्रत्येक जागचा होता, प्रत्येक नीट आवळलेला होता. आबांनी चौतीस बोल्टांकडं आणि शेजारच्या पस्तिसाव्याकडं बघितलं.

"मंग ह्यो कुठनं आला?"

"मी म्हणलं हुतं आबा, आत काय कमी न्हाई."

"ते झालं. ह्यो कुठनं आला?"

"बोल्टच तो," नबीलाल म्हणाला. "गॅरेजात नसणार तर कुठं असणार?"

आबांनी भिमाजी आप्पांना फोन लावला. फोन बंद होता. वडगाव रासाईला आप्पांची लेक दिलेली होती, तिला लावला. ती म्हणाली, आप्पा सकाळीच गेले की, विक्रमदादा न्यायला आले होते, पुढच्या शिटावर बसवून नेलं, गळ्यात टॉवेल पण घातला, गोव्याला म्हणत होते. आणि ती आनंदानं म्हणाली, "आप्पांनी अजून समिंदर बघितला नव्हता."

आबांची गाडी मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तयार झाली. इंजिन असं चाललं की बोनेटवर ठेवलेला चहाचा कप हलला नाही. नबीलालनं बजावलं, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही. आबा पन्नासनं रांजणवाडीला गेले. न्हावऱ्यापर्यंत त्यांना उसाचे तीन ट्रॅक्टर, एक पाण्याचा टँकर आणि आमरसाच्या पाटीवाला टेम्पो ओलांडून गेला. बुधवारी अकराला मतदान झालं. सात विरुद्ध सहा. विक्रमनं नव्या चेअरमनच्या नात्यानं पहिला नमस्कार आबांना केला. वाकूनच, आणि या वेळी फोन खिशात ठेवून.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती आणि नबीलालच्या बाजूनं ती संपलीही होती. पण पडलेल्या माणसाला पडण्याचं कारण लागतं. आप्पांना पुढचं शीट दिलं नाही म्हणून पडलो, हे सांगण्यासारखं नव्हतं. गाडी बंद पडली म्हणून पडलो, हे त्याहून वाईट. आठ दिवस आबा कारण शोधत होते आणि नवव्या दिवशी ते त्यांना सापडलं: आबांनी खुर्चीपेक्षा सात माणसांचा जीव मोठा मानला. एका बोल्टची शंका आली, तर आबांनी चेअरमनपद सोडलं पण संचालकांना धोक्यात घातलं नाही. अशा त्यागाला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार फार प्रामाणिक असावा लागतो. तेव्हा तो प्रामाणिक करणं आलं.

दौंडला गॅरेजसमोर मांडव पडला. फ्लेक्स लागला. त्यावर आबांचा हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली कोपऱ्यात नबीलालचा आधार कार्डावरचा फोटो, 'प्रामाणिकपणाचा मानबिंदू' या शब्दांखाली. सूत्रसंचालनाला कॉलेजात मराठी शिकवणारा ज्ञानेश होता, जो आमंत्रण आलं की विषय विचारत नसे.

लालबीनं फ्लेक्स दोनदा वाचला. ट्रेमधल्या बोल्टचं नबीलालनं तिला रविवारीच सांगितलं होतं.

"तीस वर्षं इमानानं काम केलं तवा चोर म्हणले," ती म्हणाली. "आन् आयुष्यात एकदा लबाडी केली तर फलक लावला. गप शाल घ्या, नारळ घ्या आन् घरी या."

"आन् त्याला कळायचंच न्हाई?"

"काय?"

"कुणी केलं ते."

"तुमचं नाव जाईल," लालबी म्हणाली. "आत्ता कुठं आलंय."

नबीलाल इस्त्रीचा सदरा घालून व्यासपीठावर बसला. आबांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि पाऊण तास भाषण केलं. त्यात ते म्हणाले, या माणसाबद्दल पूर्वी काहींचा गैरसमज होता. 'काहींचा' म्हणताना त्यांनी हात समोरच्या गर्दीकडं केला, त्यामुळं तो गैरसमज टायरवाल्याचा आणि चहावाल्याचा होता असं वाटलं. सात जिवांचं सांगताना त्यांनी चाळिशी काढून पुसली. टाळ्या झाल्या.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत," ज्ञानेश म्हणाला.

नबीलालनं माईक हातात घेतला. तो थोडा शिट्टी वाजवत होता. त्यानं माईकच्या मागचा स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि शिट्टी थांबली. मग तो बोलला.

"आबा म्हणाले ते खरं हाय. इंजिनात काय कमी नव्हतं. मी तवाच सांगितलं हुतं, माझ्या शब्दावर गाडी न्या. त्यांनी नेली न्हाई. तो जादा बोल्ट माझ्या खिशातला हुता. आबा दारात उभं राहून भिमाजी आप्पांच्या गुडघ्यावर बोलत हुते, तवा मी ट्रेत टाकला. शिरूरला त्यांनी माझ्या बापाला रस्त्यावर बसवून वायसर मोजायला लावले हुते, म्हणून टाकला. एवढंच सांगायचं हुतं."

टायरवाला मोठ्यानं हसला आणि त्याच्यामागं सगळा मांडव हसला. "बघा," ज्ञानेश माईक परत घेत म्हणाला, "मोठी माणसं स्वतःकडं दोष घेऊन कशी बोलतात! केवढा हा विनय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

आबाही हसत होते. मग त्यांचं हसू मधेच कुठंतरी अडकलं. त्यांनी मान वळवून नबीलालकडं पाहिलं. नबीलाल त्यांच्याकडंच बघत होता, टॉर्क पान्याकडं बघावं तसा, टक् होण्याची वाट बघत.

ते झालं. आबांच्या तोंडावरचा रंग वरून खाली उतरत गेला. शनिवारचं दार, पाठ, फोन; रविवारचं पोतं, तेलातला सोगा, सोळा की सतरा; पन्नासनं चाललेली गाडी, पुढं गेलेला टँकर, वाकलेला विक्रम. सगळं त्यांच्या डोळ्यांतून एकापाठोपाठ गेलेलं नबीलालला दिसलं. आबांचं तोंड उघडलं. शब्द जवळजवळ बाहेर आला होता.

पण तो बाहेर काढायचा तर समोरच्या दोनशे माणसांना सांगावं लागणार होतं की सात जिवांचा त्याग वगैरे काही झालेलं नाही. एका मिस्त्रीनं खिशातला बोल्ट टाकून आपल्याला खुर्चीवरून उठवलं आणि पोत्यावर बसवलं. आणि त्या मिस्त्रीला आपणच, आत्ताच, फ्लेक्स लावून प्रामाणिक ठरवलंय.

आबांनी तोंड मिटलं. टाळ्या अजून चालू होत्या आणि सगळे त्यांच्याकडं बघत होते, म्हणून त्यांनीही दोन्ही हात वर आणले आणि वाजवायला लागले.

कार्यक्रमपत्रिकेत आता एकच काम उरलं होतं. आभार प्रदर्शन, आणि त्यापुढं नाव छापलेलं होतं: मा. हौसराव आबा. ज्ञानेशनं ते गोड आवाजात पुकारलं. आबा खुर्चीचे हात धरून हळूहळू उठले, माईकपाशी गेले आणि "सर्वप्रथम," असं म्हणून बराच वेळ थांबले.

नबीलालनं खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि ऐकायला बसला.